खो द्यायला उशीर

आमच्या कॉलेजला मैदान एकच आहे. एका बाजूला सायकल स्टँड, दुसऱ्या बाजूला मुलींचं हॉस्टेल, तिसरीकडे बाभळी आणि चौथीकडे रस्ता. मधल्या सपाट तुकड्यावर खो-खोचं मैदान आखलं की त्याचा एक खांब सॉफ्टबॉलच्या सेकंड बेसला येऊन भिडतो. सॉफ्टबॉलचं आखलं, तर पहिल्या बेसकडे जाणारी रेघ खो-खोच्या मधल्या पाटीवरून जाते. एवढ्याशा जागेत सराव करून आमच्या मुलींनी आधी खो-खोत आणि मग सॉफ्टबॉलमध्ये देशभरातल्या कॉलेजांच्या स्पर्धा जिंकल्या. गेटवर दोन्ही संघांचे फोटो लावलेत. एका फोटोत मी आहे, एकात नाही.

दिवाळी अंकासाठी मला माझ्या कामाबद्दल लिहायला सांगितलंय. मी 'कमवा आणि शिका' योजनेत तीन वर्षं जिमखान्यात काम करते. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळं कॉलेजात कुठलं काम मोठं आणि कुठलं छोटं हे मला आल्यावर कळत नव्हतं. गावी वळसंगला वडिलांना, म्हणजे आप्पांना, सांगितलं की मैदानावर रेघा मारायचं काम मिळालंय, तर ते म्हणाले, "रेघा व्हय? मग पेरताना पाभर धरल्यासारखं सरळ मार." मी अजून तेच करते.

काम सोपं वाटतं. दोन खिळे, त्यांना बांधलेली दोरी, आणि डब्यात फक्की, म्हणजे चुन्यासारखी पांढरी पूड. दोरी ताणून दोरीच्या कडेनं फक्की सोडत जायचं. पण दोरी जरा ढिली राहिली की रेघ पोट काढते, आणि सोलापुरात सकाळी वारा सुटला की अर्धी फक्की रेघेवर आणि अर्धी आपल्या अंगावर. पहिल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला मी तशीच जाऊन बसायचे. सरांनी एकदा विचारलं, "घरी पिठाची गिरणी आहे का?" सगळे हसले. मी खरं ते सांगितलं, की गिरणी नाही, तुरीचं शेत आहे. तेव्हा आणखी हसले.

मैदान आखून झालं की जिमखान्याच्या खिडकीत बसायचं आणि सामान द्यायचं-घ्यायचं. तिथं माणसं ओळखायला येतात. कॉमर्सचे एक प्राध्यापक रोज बॅडमिंटनचं फूल बदलून मागायचे, कारण त्यांच्या मते ते हरायचे ते फुलामुळं. एक मुलगा कॅरमची फक्त सोंगटी न्यायचा, राणी. का ते मी कधी विचारलं नाही. आणि ज्या दिवशी सॉफ्टबॉलचे ग्लोव्हज पहिल्यांदा आले, त्या दिवशी आमच्या जिमखान्याचे शिपाई चनबसप्पा मामा खोकं उघडून कपाळाला हात लावून बसले.

"बाई, फसवलंय की आपल्याला. समदे डाव्या हाताचेच हायत."

त्यांनी दुकानदाराला फोन लावला. उजव्या हाताचे कुठं ठेवलेत म्हणून बरंच बोलले. दुकानदार समजावत होता की या खेळात एकाच हातात ग्लोव्ह घालतात, बॉल झेलायला, दुसऱ्या मोकळ्या हातानं फेकायचा. मामांना ते पटलं नाही. फोन ठेवून मला म्हणाले, "एक हात झाकायचा आन् एक उघडा? असला कसला खेळ?" मी पण त्यांच्यासारखीच बघत राहिले. मला त्या वेळी फक्त खो-खो येत होता.

खो-खो मी वळसंगच्या शाळेपासून खेळते. कॉलेजात आले तीच खो-खोसाठी. आमचे थोरात सर खो-खोचे. आवाज बारीक, पण मैदानाच्या टोकापर्यंत जातो. त्यांनी मला पहिल्या वर्षी संघात घेतलं आणि दुसऱ्या वर्षी काढलं. काढताना त्यांनी कारण सांगितलं, ते मी शब्द न शब्द लक्षात ठेवलंय.

"महादेवी, तू पळतेस चांगली. पण तुला वाटतं समोरची आपणच मारायची. खो द्यायला उशीर करतेस."

ज्यांनी खो-खो नुसता बघितलाय त्यांच्यासाठी सांगते. पाठलाग करणारी एकदा निघाली की मागं वळू शकत नाही, मधली पाटी ओलांडू शकत नाही. पळणारी मात्र कुठूनही निसटते. ती निसटली की मधल्या पाटीत आपल्यातली जी जवळ बसली असेल तिच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं आणि आपण तिच्या जागी बसायचं. सगळा खेळ या बसण्यात आहे. मला ते जमायचं नाही. हात आता पोचेल, आणखी दोन पावलं, असं वाटत राहायचं, आणि पळणारी खांबाला वळसा घालून गेलेली असायची.

त्याच वर्षी आमचा खो-खोचा संघ देशात पहिला आला. मी सोलापुरात होते. माझी मैत्रीण रेणुका संघात होती. ती भवानी पेठेतली, तिचे वडील यंत्रमागावर असतात, घरात तेलुगू. तिनं मैदानातूनच फोन केला, पण मागच्या आरडाओरड्यात मला एवढंच कळलं की जिंकलो. स्टेशनवर मी हार घेऊन गेले. रेणुकानं गळ्यातलं पदक काढून माझ्या गळ्यात घातलं आणि सगळ्या संघाच्या जॅकेटांचं बोचकं माझ्या हातात दिलं, धुवायला. मला आनंद झाला होता, हे खोटं नाही. पण ती जॅकेटं धुवायला काढताना मी माझ्या जुन्या नंबराचं जॅकेट शोधलं आणि ते मातीनं मळलेलं होतं, हे बघून मला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही.

सॉफ्टबॉलच्या नदाफ मॅडमनी मला पकडलं ते हॉस्टेलमागच्या चिंचेखाली. मी दगड मारून चिंचा पाडत होते. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "वो उपर वाली पाड के दिखा." मी पाडली. मग म्हणाल्या, "उकिडवी बस." मी बसले. किती वेळ बसू शकतेस, असं विचारलं. खो-खोवाल्या मुलीला हा काय प्रश्न झाला? मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "मेरी कॅचर मिल गई."

कॅचर म्हणजे होमच्या मागं उकिडवी बसून पिचरचा बॉल झेलणारी. छातीला, पायाला, तोंडाला संरक्षण बांधलेलं असतं, आरतीला निघालेल्या पालखीइतकं ओझं. सॉफ्टबॉलमध्ये चार टप्पे असतात. बॉल मारून मुलगी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवरून फिरून होमला आली की एक रन. ती बेस सोडून मध्ये असताना बॉल घेऊन तिला शिवलं की ती बाद. 'बॉल घेऊन' हे मी मुद्दाम लिहिलंय.

रेणुका आणि खो-खोच्या आणखी काही मुली दोन्हीकडे खेळू लागल्या. थोरात सरांना ते आवडलं नाही. सॉफ्टबॉलवाल्या बेसजवळ घसरायच्या, मैदानात खळगे पडायचे, आणि ते खळगे नेमके खो-खोच्या मधल्या पाटीत. दोघांच्या मध्ये फक्कीचा डबा घेऊन मी. सर म्हणायचे माती भर, मॅडम म्हणायच्या रेघ मार. सर-मॅडम एकमेकांशी कधी वाकडं बोलले नाहीत, दोघंही माझ्याशीच बोलायचे.

शेवटी गोष्ट प्राचार्यांकडं गेली. त्यांनी दोघांना बसवून सांगितलं, की एका मैदानावर मुलींचे दोन खेळ नाही चालणार. यंदा सॉफ्टबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सोलापुरातच आहे, काय करताहेत बघू, नाहीतर पुढच्या वर्षीपासून मैदान खो-खोचं. प्राचार्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. खो-खोनं कॉलेजचं नाव केलं होतं. रेणुकाला दोन्हीकडे जागा होती. मला एकीकडंच होती. सॉफ्टबॉल बंद झाला की मी पुन्हा रेघेच्या बाहेर, डबा घेऊन. खेळायला मिळालेलं ते एकच वर्ष असणार होतं.

उपांत्य सामन्यात मी ते वर्ष जवळजवळ घालवलं.

समोरच्या संघाची मुलगी तिसऱ्या बेसवरून होमकडं सुटली. बॉल माझ्यापुढं घरंगळत आला. मी उजव्या हातानं उचलला. ती माझ्या डाव्या बाजूनं जात होती. मी झेपावले आणि तिच्या पाठीवर डावा हात चांगला मारला. खो-खोत आयुष्यभर जे केलं तेच केलं. जो हात जवळ, त्यानं शिवायचं. बॉल माझ्या दुसऱ्या हातात तसाच. पंचांनी दोन्ही हात बाजूला पसरले. नाबाद. रन.

मला आधी कळलंच नाही. मी पंचांना सांगत होते, लागला हात, विचारा तिला. ती मुलगी पण मान हलवत होती की हो, लागला. पंच हिंदीत म्हणाले, "बेटा, हाथ से नहीं, गेंद से." आमचा संघ तो सामना कसाबसा जिंकला, पण माझी मान वर होत नव्हती. रेणुकानं हेल्मेट काढून घेतलं आणि विचारलं, "तू तिला आउट करत होतीस का आशीर्वाद देत होतीस?" मग दिवसभर जी ती माझ्यापुढं वाकून आशीर्वाद मागू लागली. थोरात सर त्या दिवशी स्टेडियमच्या गॅलरीत होते. शहरातल्या सगळ्या क्रीडा शिक्षकांना स्पर्धेचं काम लावलं होतं, म्हणून. त्यांनी सगळं बघितलं. ते नसते तर बरं झालं असतं.

नदाफ मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी बॉल माझ्या ग्लोव्हमध्ये ठेवला, वरून माझा दुसरा हात दाबला आणि म्हणाल्या, "आता जा, सगळ्यांना आउट करून ये." मी संघातल्या प्रत्येकीला दोन्ही हातांनी शिवत फिरले. भात वाढणाऱ्या मावशींना शिवले. चनबसप्पा मामा सामानाच्या पेटीवर बसले होते, त्यांनाही शिवले. ते म्हणाले, "मी म्हनलो नव्हतो? उजव्या हाताचा पन द्यायला पायजे हुता."

अंतिम सामन्याला आप्पा आणि माझी आई, अव्वा, एसटीनं आले. मी बोलावलं नव्हतं. हरलेलं बघायला कशाला बोलवायचं, असं वाटत होतं. पण रेणुकानं परस्पर फोन केला होता. मैदानात त्यांना कुठं बसावं कळेना, तर थोरात सरांनी त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतलं. पुढचं मला मामांनी सांगितलं, ते मागंच उभे होते.

आप्पांनी विचारलं, "सर, पोरीला एवढं चिलखत कशाला घातलंय?" सर म्हणाले, बॉल लागू नये म्हणून. अव्वाला मराठी येतं, पण घाबरली की ती कानडीवर जाते. ती सारखी विचारत होती, "येन आतु? येन आतु?" काय झालं, काय झालं. सरांना आमची कानडी बऱ्यापैकी येते. त्यामुळं ज्या माणसाला सॉफ्टबॉल मैदानातून घालवायचा होता, तो माणूस सगळा सामना माझ्या आईला सॉफ्टबॉल समजावत बसला. बेस म्हणजे खांब समजा, म्हणाले. होम म्हणजे शेवटचा खांब. तुमची मुलगी तिथं बसलीय, तिथं कुणाला येऊ द्यायचं नाही. अव्वा म्हणाली, "मग बराबर हाय की. घरातबी तिला न विचारता कोन येत न्हाय."

समोर पंजाबातल्या एका कॉलेजचा संघ होता. उंच मुली, बॉल मारला की आमच्या कॉलेजातल्या बाभळीपर्यंत जाईल असा हात. शेवटच्या डावात आम्ही एका रननं पुढं होतो. त्यांच्या दोघी बाद झालेल्या, म्हणजे आणखी एक गेली की सामना संपला. पण त्यांची सगळ्यात वेगवान मुलगी तिसऱ्या बेसवर उभी होती. ती होमला आली असती तर बरोबरी, आणि पुढची फलंदाज अशी होती की बरोबरीवर गोष्ट थांबली नसती.

पिचरनं बॉल टाकला. फलंदाजाचा फटका हुकला. बॉल माझ्या ग्लोव्हमध्ये आला. बॉल सुटल्याबरोबर तिसऱ्या बेसवरची मुलगी पुढं आली होती, आणि मी मान वर केली तेव्हा दिसलं की ती जरा जास्तच पुढं आलीय. मी उठले आणि तिच्याकडं पळाले. ती मध्येच थबकली. माझ्याकडं बघत उभी राहिली, मी काय करते ते बघत. माझ्या मागं होम मोकळं होतं. ते सांभाळायला यायची ती आमची पिचर जागच्या जागी खिळली होती. मी चुकीच्या वेळी बॉल सोडला असता तर ती माझ्या बगलेतून होमला गेली असती. म्हणून मी तिच्या अंगावर गेले. तेव्हा ती वळली आणि परत तिसऱ्या बेसकडं पळाली. तिथं रेणुका होती.

तिची पाठ माझ्यापुढं होती. हात पोचेल, असं वाटत होतं. मला पुन्हा तेच वाटत होतं, आणखी दोन पावलं. पायाला बांधलेलं संरक्षण मांडीवर आपटत होतं, आणि ती पाठ जवळ येत नव्हती. मी तेव्हा काही विचार केला असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. एवढंच आठवतं की मी ओरडले.

"खो!"

आणि बॉल सोडला.

रेणुका नंतर म्हणाली, तू नुसता हात उचलला असतास तर मी बेसवर उभी राहून बघत बसले असते. खो ऐकलं आणि पाय निघाले. ती बेस सोडून पुढं आली, बॉल झेलला, आणि वळून त्या मुलीला दोन्ही हातांनी शिवली. ग्लोव्हवर दुसरा हात घट्ट दाबून, मॅडमनी मला शिकवलं होतं तसं. ती मुलगी घसरत आली होती. धुरळ्यात काही दिसेना. मग पंचांची मूठ वर गेली. बाद.

मी तिथंच बसले, उकिडवी. खो दिल्यावर बसायचं असतं. मुली माझ्या अंगावर येऊन पडल्या तेव्हा मला कळलं की मी बसलेय. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं आणि मग लक्षात आलं की खरंच उतरलंय, रेणुका माझ्या संरक्षणाचे पट्टे सोडत होती आणि रडत होती. तेलुगूत काहीतरी म्हणत होती, बहुतेक शिव्या. ते पंच जवळ आले आणि त्यांनी विचारलं, तू काय ओरडलीस? मी सांगितलं, आमच्या दुसऱ्या खेळातलं आहे. ते म्हणाले, "अच्छा. यहाँ भी चल गया."

गॅलरीतून आप्पा, अव्वा आणि सर खाली आले. आप्पा नुसते हसत होते. अव्वानं माझा चेहरा पदरानं पुसला आणि म्हणाली, "मला काय बी कळलं न्हाय गं. पर तू खो म्हनालीस, ते कळलं."

थोरात सर मागं उभे होते. मला वाटलं, अभिनंदन म्हणतील आणि जातील. ते म्हणाले, "दिलास एकदाचा."

एवढंच. पण पदकानं झाले नसते तेवढी मी त्यानं हलकी झाले.

पुढं प्राचार्यांनी पुन्हा दोघांना बोलावलं. आत काय झालं ते मला माहीत नाही. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, सायकल स्टँड रस्त्याच्या बाजूला हलवणार आहेत, खो-खोचं मैदान स्टँडच्या रिकाम्या जागेत सरकवून आख. मी विचारलं, म्हणजे सॉफ्टबॉल? सर म्हणाले, "तो कुठं जातोय? आहे तिथंच." नदाफ मॅडमनी आपल्या मुलींना त्याच दिवशी जुने खळगे बुजवायला लावले. सरांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

मी त्या दिवशी जिमखान्याच्या खिडकीत बसले होते. कॉमर्सचे सर आले, फूल बदलून मागितलं. मी त्यांना फुलांचा नवीन डबाच दिला.

नवं मैदान आखायचं होतं त्या सकाळी मामा रजेवर होते. दोरीला दोन टोकं असतात, दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतं. मी एकटीच खिळा ठोकून प्रयत्न करत होते, वारा होता, रेघ पोट काढत होती. थोरात सर आले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. खो-खोचं आखून झालं. मला वाटलं जातील, पण ते चालत जाऊन होमच्या जागी उभे राहिले आणि दोरी धरायला हात पुढं केला. सॉफ्टबॉलच्या रेघेला त्यांनी आजवर बोट लावलं नव्हतं. मी दोरीचं टोक नेऊन त्यांना दिलं, पण रेघ सरळ यायला हवी म्हणून मीही ते धरूनच ठेवलं होतं.

सर म्हणाले, "महादेवी, सोड आता. पुन्हा उशीर करतेस."